रानवाट आणि बंदूक

पाठीवर पिशवी टाकून डोंगर, किल्ले आणि अरण्यें पायीं हिंडण्याची आवड हल्लीं आपल्या शाळकरी मुलामुलींत वाढत आहे, ही आनंदाची गोष्ट होय. भूगोलाच्या पुस्तकांतील सह्याद्रि आणि पायांखालचा सह्याद्रि यांत किती अंतर आहे, हें एकदां घाट चढल्यावांचून कळत नाहीं. परंतु सुट्टी जवळ आली आणि अशा सफरीची गोष्ट घरीं निघाली, कीं आईबापांच्या मनांत एक शंका येते. रानांत जनावर समोर आलें तर? आडवाटेला कोणी दुष्ट भेटला तर? सोबतच्या वडील माणसांपैकीं कोणा एकाजवळ तरी परवान्याची बंदूक किंवा पिस्तूल असूं नये काय? हा प्रश्न अलीकडे मला एकाहून अधिक पालकांनीं विचारिला. त्याचें उत्तर ‘नसावें’ असें माझें मत आहे. परंतु नुसतें मत सांगून पालकांचें समाधान व्हावयाचें नाहीं, म्हणून त्याचीं कारणें येथें मांडतों.

प्रथम हें कबूल केलें पाहिजे कीं, ही शंका हंसण्यावारीं नेण्याजोगी नाहीं. आपला सोलापूर जिल्हा उघड्या माळाचा. येथें दाट अरण्य नाहीं, म्हणून हिंस्र जनावराचें भयही नाहीं, असें आपण पुष्कळ वर्षें समजत होतों. परंतु इ. स. २०२० च्या डिसेंबर महिन्यांत करमाळा तालुक्यांत एका नरभक्षक बिबट्यानें थोड्या दिवसांच्या अंतरानें तीन जणांचा बळी घेतला. शेतांतलीं कामें थांबलीं, आणि संध्याकाळीं दारें लावून घेण्याची पाळी गांवोगांव आली. अखेरीस १८ डिसेंबर रोजीं त्या बिबट्यास गोळी घालावी लागली. पुढें २०२४ च्या डिसेंबरांत विदर्भांतील टिपेश्वरच्या अरण्यांतून निघालेला एक वाघ शेंकडों किलोमीटरांची वाट तुडवून धाराशिव जिल्ह्यांतील येडशीच्या रामलिंग अभयारण्यांत आला, आणि तेथून आपल्या बार्शी तालुक्यांत येऊन त्यानें गुरें मारलीं. तेव्हां पालकांची भीति कल्पनेंतून उत्पन्न झालेली नाहीं. ती वर्तमानपत्रांतून घरांत आलेली आहे.

पण करमाळ्याचीच गोष्ट नीट पाहूं. तेथें शेवटीं बंदूकच कामीं आली, हें खरें. आणि ज्या जनावरानें माणूस हेंच आपलें भक्ष्य ठरविलें, त्याचा बंदोबस्त करण्यास दुसरा उपाय उरला नसेल, तर ती बंदूक योग्यच होय. परंतु ती कोणाच्या हातीं होती? सरकारी आज्ञेनें नेमलेल्या, नेमबाजींत मुरलेल्या माणसांच्या हातीं. त्यांच्या पाठीशीं वनखात्याचीं पथकें होतीं, पिंजरे होते, माग काढणारे होते, रात्रंदिवस पहारा होता. इतकें असूनही पहिल्या बळीपासून तो बिबट्या पडेपर्यंत सुमारें पंधरवडा गेला. जें काम शेंकडों जाणत्या माणसांना इतकें अवघड झालें, तें पिशवीच्या तळाशीं कपड्यांत गुंडाळलेलें एखादें पिस्तूल एका क्षणांत करील, असें मानणें कितपत शहाणपणाचें आहे, याचा विचार वाचकांनींच करावा.

बिबट्या किंवा वाघ माणसावर येतो तो समोरून ललकारी देऊन येत नाहीं. तो बहुधा मागून किंवा बाजूनें, झुडपाच्या आडून येतो; आणि वाकलेला किंवा बसलेला माणूस त्याला चार पायांच्या जनावरासारखा भासतो, असें ह्या विषयांतील जाणते सांगतात. अशा वेळीं मिळणारा अवधि घटका-पळांचा नसतो, तर एकदोन श्वासांचा असतो. तेवढ्यांत पिशवी उघडणें, शस्त्र काढणें, तें सज्ज करणें, थरथरत्या हातानें नेम धरणें आणि शेजारच्या सोबत्यास न लागेल अशा बेतानें चाप ओढणें, हें रोजच्या सरावाच्या शिपायासही कठिण. वर्षांतून एकदां फिरावयास जाणाऱ्या गृहस्थाची गोष्टच नको.

आणि गोळी लागली, पण वर्मीं लागली नाहीं, तर? जखमी जनावर निघून जातें, आणि त्याच्या जखमेचें मोल दुसऱ्याच कोणास तरी द्यावें लागतें. कुमाऊंतील चंपावतच्या वाघिणीचें उदाहरण जगप्रसिद्ध आहे. नेपाळांत व हिंदुस्थानांत मिळून तिनें ४३६ माणसें मारलीं, अशी नोंद जिम कॉर्बेट यानें करून ठेविली आहे. इ. स. १९०७ मध्यें त्यानें तिला मारल्यावर पाहिलें, तों तिच्या उजव्या बाजूचे वरचा व खालचा असे दोन्ही सुळे मोडलेले होते. पूर्वीं कोणाच्या तरी गोळीनें ते मोडले, आणि त्यामुळें नेहमींची शिकार करतां येईना, म्हणून ती माणसांकडे वळली, असा त्याचा निष्कर्ष होता. ती पहिली गोळी ज्यानें झाडली, त्याचें नांव कोणास ठाऊक नाहीं. त्या एका फसलेल्या नेमाची किंमत शेंकडों निरपराध कुटुंबांनीं दिली, हें मात्र आपणांस ठाऊक आहे.

कोणी म्हणेल, “हें आपल्याकडचें झालें, परदेशांत रानांत हिंडणारे लोक तर बंदूक बाळगतात.” होय, कांहीं ठिकाणीं बाळगतात. उत्तर ध्रुवाजवळ नॉर्वेच्या ताब्यांतील स्वालबार नांवाचीं बेटें आहेत. तेथें वस्तीबाहेर जातांना पांढऱ्या अस्वलांना पिटाळून लावण्याचें साधन जवळ ठेवणें कायद्यानें आवश्यक आहे, आणि बंदूकही घ्यावी असा सल्ला अधिकारीच देतात. उघड्या बर्फावर झाड नाहीं, आडोसा नाहीं, आणि तें अस्वल माणसास भक्ष्य समजूं शकतें. तेव्हां तेथील नियम तेथें योग्य आहे. परंतु अलास्कांत, जेथें अस्वलेंही पुष्कळ आणि बंदुकाही पुष्कळ, तेथें काय दिसून आलें तें पाहण्यासारखें आहे. स्मिथ, हेरेरो वगैरे संशोधकांनीं इ. स. १८८३ पासून २००९ पर्यंतचे, माणसाजवळ बंदूक असतांना अस्वलाशीं गांठ पडल्याचे २६९ प्रसंग तपासले, आणि आपला निबंध २०१२ मध्यें प्रसिद्ध केला. ज्यांनीं बंदूक चालविली आणि ज्यांनीं जवळ असूनही चालविली नाहीं, त्या दोघांना झालेल्या इजेंत त्यांना फरक आढळला नाहीं. त्याच विद्वानांनीं २००८ मध्यें तिखटाच्या फवाऱ्याविषयीं लिहिलें होतें. अस्वल अगदीं जवळ आलें असतां ज्यांच्याजवळ हा फवारा होता, अशा १०० पैकीं ९८ माणसांस कसलीही इजा झाली नव्हती. यावरून आपणही मिरचीचे फवारे घेऊन हिंडावें, असें मला सुचवावयाचें नाहीं. जेथें बंदुकीचा अनुभव सर्वांत मोठा, तेथेंही तिचा भरंवसा वाटतो तितका सिद्ध झालेला नाहीं, एवढेंच येथें दाखवावयाचें आहे.

आतां कायद्याकडे वळूं. कारण आपल्या मुलांनीं रानांत काय करावें हें सांगतांना त्यांना देशाचा कायदा मोडावयास शिकविणें कोणाही पालकास आवडणार नाहीं. इ. स. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणें परवान्यावांचून बंदूक किंवा पिस्तूल बाळगतां येत नाहीं, आणि एकवीस वर्षें पूर्ण झाल्यावांचून तो परवाना मिळत नाहीं. पण परवाना असला, तरी काम भागत नाहीं. इ. स. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या ३१ व्या कलमाप्रमाणें, मुख्य वन्यजीव रक्षकांची किंवा त्यांनीं अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी आधीं घेतल्यावांचून कोणासही शस्त्र घेऊन अभयारण्यांत पाऊल टाकतां येत नाहीं. राष्ट्रीय उद्यानांनाही हाच नियम आहे. म्हणजे जेथें वाघ-बिबट्यांची वस्ती सर्वांत अधिक, नेमकें तेथेंच बंदूक नेण्यास मनाई आहे. मग जीव धोक्यांत आला तर? कायदा निष्ठुर नाहीं. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या बचावासाठीं प्रामाणिक हेतूनें जनावर मारलें गेलें, तर तो गुन्हा होत नाहीं. मात्र त्या वेळीं मारणारा स्वतः कायदा मोडीत असतां कामा नये. चोरून शस्त्र घेऊन अभयारण्यांत शिरलेल्या माणसाला ही सवलत मागतांना आधीं स्वतःच्याच पिशवीचा जाब द्यावा लागेल.

कांहीं थोर गृहस्थ येथें स्वाभिमानाचा मुद्दा आणतात. परकीय सरकारनें इ. स. १८७८ च्या कायद्यानें आम्हांस निःशस्त्र केलें. आतां स्वतंत्र देशाच्या नागरिकानें शस्त्र बाळगण्यास कां लाजावें, असें ते म्हणतात. त्या जुन्या कायद्याचा आपल्या पुढाऱ्यांस संताप आला होता, आणि तो रास्तच होता. कारण युरोपियनांस त्यांतून सूट होती आणि या देशच्या माणसास नव्हती. त्यांतला अपमान त्या पक्षपाताचा होता. आजचा कायदा तसा भेद करीत नाहीं. तो सर्वांस सारखाच लागू आहे, आणि त्यापुढें मान लवविण्यांत कमीपणा नाहीं.

आतां ज्या धोक्यांचा विचार करावयास पाहिजे आणि जो सहसा होत नाहीं, त्यांकडे येऊं. आपल्या देशांत २००० पासून २०१९ पर्यंतच्या काळांत दरवर्षीं सरासरी सुमारें ५८,००० माणसें सर्पदंशानें मेलीं, असा अंदाज २०२० मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या संशोधनांत दिला आहे. वाघानें मारलेल्या माणसांची वार्षिक संख्या ह्याच्या शतांशही भरत नाहीं. सापावर गोळी झाडून दंश टळत नाहीं. तो टळतो तो पायांत उंच बूट असल्यानें, अंधारांत विजेरी लावून चालल्यानें, आणि दगडाच्या फटींत न पाहतां हात न घातल्यानें. दंश झालाच, तर जागा कापणें, चोखणें किंवा आवळून बांधणें हे सारे घातक उपाय सोडून, हातपाय न हालवितां माणसाला सरळ सरकारी रुग्णालयांत नेऊन सर्पविषावरील लस देवविणें हाच खरा उपाय आहे. तीच गोष्ट कड्यावरून पाय घसरण्याची, उन्हाळ्यांत पाणी संपण्याची, पावसाळ्यांत ओढ्याला अकस्मात् लोंढा येण्याची. आग्या मोहोळाखालीं धूर केल्यामुळें किंवा उग्र अत्तर लावून गेल्यामुळें माशा उठल्या, तर तेथें तोफ असली तरी काय उपयोग? रानांत माणसाचा जीव घेणाऱ्या गोष्टींची यादी केली, तर तींतील बहुतेकांपुढें बंदूक म्हणजे पाठीवरचें निरुपयोगी ओझें होय. तिच्या वजनाइतकें पाणी घेतलें, तर अधिक जीव वांचतील.

जनावरांचें झालें, पण माणसांचें काय? हा प्रश्न अधिक नाजूक आहे, आणि मुलींच्या आईबापांना तो अधिक टोंचतो, हें मी जाणतों. ह्या बाबतींत आपल्याच देशाच्या इतिहासांत एक मोठा धडा आहे. आपल्या सोलापुराहून जवळच असलेल्या नळदुर्ग जिल्ह्याचा कारभार पुढें ज्यानें पाहिला, त्या मेडोज टेलर साहेबानें इ. स. १८३९ मध्यें ठगांवर एक कादंबरी प्रसिद्ध केली, आणि ती फार गाजली. ठग वाटसरूंना गळफांस घालून मारीत, हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्यांच्या बळींत रजेवर घरीं निघालेले शिपाईही पुष्कळ असत, हें थोड्यांसच ठाऊक असतें. हे शिपाई कांहीं भेकड नव्हते. शस्त्र चालविणें हा तर त्यांचा धंदाच होता. तरी ते मारले जात, कारण ठग शत्रु म्हणून येत नसत. ते सोबती म्हणून येत, दोन दिवस बरोबर चालत, गोड बोलत, आणि माणूस विश्वासून बसला म्हणजे घात करीत. म्हणून इ. स. १८१० मध्यें बंगालच्या सैन्यांत वरिष्ठांनीं शिपायांस सूचना काढली, ती अधिक शस्त्रें घेण्याची नव्हती. वाटेंत भेटणाऱ्या अनोळखी माणसांची संगत धरूं नये, अशी ती होती. सव्वादोनशें वर्षें होत आलीं, तरी त्या सूचनेंत फरक करण्याजोगें कांहीं नाहीं. मुलगे असोत कीं मुली, त्यांनीं ओळखीच्या, पारखलेल्या सोबतींत जावें. ज्या गांवीं मुक्काम, तेथील पाटलास किंवा शिक्षकास आधीं कळवावें. आणि संकटकाळीं ११२ ह्या क्रमांकावर पोलिसांस बोलवावें. रात्रीं तंबूंत झोंपलेल्या माणसाचें पिस्तूल हें त्याच्या उपयोगाचें होण्याआधीं चोराच्या उपयोगाचें होतें. आणि एकाच तंबूंत पांचसहा उत्साही मुलें व एक भरलेलें शस्त्र असलें, म्हणजे बाहेरच्या शत्रूची गरजच काय?

माझ्या मतें ह्या सर्व विवेचनाचें सार एका वाक्यांत सांगतां येतें: बंदूक भय कमी करते, धोका कमी करीत नाहीं. आणि ह्यांतच तिचें खरें अनिष्ट आहे. रानांतलें भय हें कांहीं सर्वस्वीं वाईट नव्हे. तें एक चांगलें वाटाडें आहे. तेंच आपणांस सूर्य मावळण्याआधीं परत फिरावयास सांगतें, गावकऱ्याचा सल्ला ऐकावयास लावतें, सोबत्यांपासून दूर जाऊं देत नाहीं. कमरेला शस्त्र असलेला मनुष्य त्या वाटाड्यास रजा देतो. “आहे ना आपल्याजवळ,” असें म्हणून तो आणखी एक टेंकडी चढतो, आणखी तासभर थांबतो, आणि ज्या जागीं एरवीं गेलाच नसता त्या जागीं जाऊन पोहोंचतो.

पंडिता रमाबाईंच्या आईबापांची हकीकत ह्या ठिकाणीं आठवते. स्त्रियांना संस्कृत शिकविल्याबद्दल लोकांचा रोष झाला, तेव्हां अनंतशास्त्री डोंगरे आपल्या तरुण पत्नीस, लक्ष्मीबाईंस, घेऊन पश्चिम घाटांतील गंगामूळच्या अरण्यांत राहावयास गेले. पहिल्या रात्रीं निवारासुद्धां नव्हता. घळीच्या पलीकडून वाघाची भयंकर डरकाळी ऐकूं येत होती. लक्ष्मीबाई पासोडीत गुंडाळून भुईवर पडून राहिल्या, आणि शास्त्रीबोवा उजाडेपर्यंत जागत पहाऱ्यास बसले. पहाटे तो वाघ निघून गेला. त्याच अरण्यांत पुढें झोंपडी उभी राहिली, आणि तेथेंच इ. स. १८५८ मध्यें रमाबाईंचा जन्म झाला. एक माणूस रात्रभर जागा राहिला, एवढाच काय तो त्या रात्रींचा बंदोबस्त.

दुसरें उदाहरण आपल्याच शहराचें. मारुती चितमपल्ली यांचा जन्म इ. स. १९३२ मध्यें सोलापुरांत झाला, आणि २०२५ च्या जून महिन्यांत त्यांनीं देहही येथेंच ठेविला. मध्यंतरीं तीनसाडेतीन तपें त्यांनीं वनखात्याच्या नोकरींत नवेगांव, नागझिरा, मेळघाट अशा अरण्यांत घालविलीं. रानांतल्या आदिवासी माणसांपासून त्यांनीं पशुपक्ष्यांचीं नांवें, झाडांचे गुण आणि रानाची भाषा शिकून घेतली, आणि ती मराठी वाचकांस दिली. पायाचा ठसा कोणाचा, माकडें एकाएकीं कां ओरडलीं, पक्षी एकदम गप्प कां झाले, हें ज्याला समजतें, त्याला जनावर समोर येण्यापूर्वींच पुष्कळ कळून चुकतें. ही विद्या शिकण्यास परवाना लागत नाहीं, वयाची अट नाहीं, आणि ती चोरीसही जात नाहीं. तिचा पहिला धडा गिरविण्यास मेळघाट गांठावयास नको. आपल्या शहराजवळच नान्नजचें माळढोक अभयारण्य आहे. माळढोक तेथें आतां क्वचितच दिसतो, हें आपलें दुर्दैव. पण लांडगा, काळवीट आणि नाना तऱ्हेचे पक्षी त्या माळावर आजही नांदतात. लांडग्याचें नुसतें नांव ऐकून घाबरणाऱ्या मुलानें एकदां वनरक्षकाबरोबर पहाटे तेथें जावें, आणि माणसाची चाहूल लागतांच तो लांडगा कसा निघून जातो तें पाहावें.

पालकांनो, आपल्या मुलानें सफरीची परवानगी मागितली, तर ती देण्यापूर्वीं त्यास चार प्रश्न विचारा. बरोबर कोण आहेत, आणि त्यांतील कोण ह्या वाटेनें पूर्वीं गेला आहे? पाणी किती घेतलें, आणि पुढें तें कोठें मिळेल? सर्वांत जवळचें सरकारी रुग्णालय कोणतें, आणि तेथें पोहोंचावयास किती वेळ लागतो? आणि सूर्यास्ताच्या वेळीं तुम्ही कोठें असाल? ह्या चारही प्रश्नांचीं उत्तरें जो न अडखळतां देईल, त्यास आनंदानें जाऊं द्या. ज्याला तीं देतां येत नाहींत, त्याच्याबरोबर बंदूकधारी पहारेकरी दिला, तरी त्यास घरींच ठेवा. आणि उत्तरें शोधून आणावयास आठ दिवसांची मुदत द्या. सह्याद्रि तेवढा वेळ थांबेल.